गांजाचा कायदा बदला म्हणजे नक्की काय मागताय? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मुंबईतले काही जण आहोत. कोणी कॉलेजात शिकवतं, कोणी वकिली करतं, एक काका बेस्टमधून रिटायर झालेत, दोघीजणी अशा आहेत की ज्यांची मुलं व्यसनातून बाहेर आलीयेत. गांजाबद्दलचा कायदा बदलावा म्हणून आम्ही लोकांशी बोलतो, सह्या घेतो, आमदार-खासदारांच्या ऑफिसात जाऊन बसतो. दादर स्टेशनबाहेर असो की कोणाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, प्रश्न साधारण तेच येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढलेत.

सगळ्यांनी गांजा ओढावा असं तुमचं म्हणणं आहे का?

अजिबात नाही. आमच्यातले निम्म्याहून जास्त जण तर काहीच ओढत नाहीत, सुपारीचं खांडसुद्धा नाही. आमची पहिली मागणी एवढीच आहे की जो माणूस स्वतः ओढतो किंवा ज्याच्याकडे स्वतःपुरता थोडा माल सापडतो त्याला गुन्हेगार ठरवू नका, केस टाकू नका, जेलमध्ये पाठवू नका. दुसरी, ज्या पेशंटला औषध म्हणून गरज आहे त्याला ते सरळ मार्गाने मिळू दे. तिसरी, हेम्पच्या, म्हणजे धाग्यासाठी आणि बियांसाठी लावतात त्या नशा नसलेल्या प्रकाराच्या, शेतीला महाराष्ट्रात परवानगी द्या. लायसन्स घेऊन दुकानात विक्री व्हावी का, यावर आमच्यातच एकमत नाहीये, जोरदार वाद होतात आणि ते आम्ही लपवत नाही. पण पहिल्या मागणीवर सगळे ठाम आहोत.

आत्ता कायदा काय म्हणतो? व्हॉट्सॲपवर काय काय फिरत असतं.

कायद्याचं नाव एनडीपीएस ॲक्ट, १९८५, म्हणजे अंमली पदार्थांचा केंद्रीय कायदा. त्यात चरस आणि गांजा दोन्ही येतात. गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, सोबत फुलोरा नसेल तर नुसती पानं आणि बिया त्यात मोडत नाहीत. शिक्षा वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ती ‘स्मॉल क्वांटिटी’, २० किलोच्या वर गेला की ‘कमर्शियल’. चरससाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो. स्मॉल क्वांटिटीला १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत. कमर्शियलला कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०. आणि नुसतं ओढलं, जवळ काही सापडलं नाही, तरी कलम २७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

दोन गोष्टी लोकांना माहीतच नसतात. एक, झाड लावलं तर तिथे किलोचा हिशोब लागत नाही, बाल्कनीतल्या कुंडीत एक रोप असलं तरी ते ‘लागवड’ या कलमात जातं आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत आहे. दुसरं, हिरा सिंग केसमध्ये २०२० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अंमली पदार्थात दुसरं काही मिसळलेलं असेल तर वजन सगळ्या मिश्रणाचं धरायचं. म्हणजे चिमूटभर चरस घालून ब्राउनी केली तर मैदा, लोणी, साखर सगळं काट्यावर चढतं. हॉस्टेलमधल्या पोरांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा उतरतो. सांगायलाच पाहिजे पण.

मग महाशिवरात्रीला भांग कशी चालते?

भांग पानांपासून करतात म्हणून ती एनडीपीएसमध्ये येत नाही. राजस्थान, उत्तर प्रदेशात तर भांगेची सरकारी लायसन्सवाली दुकानं आहेत. पण हे ऐकून महाराष्ट्रात निवांत राहू नका, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्याखाली विनापरवाना भांग बाळगणं हाही गुन्हा आहे. धुळवडीला थंडाईत घालून गच्चीवर सगळी बिल्डिंग पिते ते वेगळं. त्याच झाडाचं पान गच्चीवर चालतं आणि फूल नाक्यावर सापडलं की पोरगं आत जातं, हे आम्हाला पटत नाही.

बंदी तर पहिल्यापासूनच होती ना?

नव्हती. १९८५ पर्यंत देशात बऱ्याच ठिकाणी सरकारी ठेक्यावर गांजा मिळायचा, सरकार त्यावर अबकारी कर घ्यायचं. त्याच्याही आधी, १८९३-९४ मध्ये, इंग्रजांनी एक कमिशन नेमलं होतं, इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. त्यांनी देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या, डॉक्टर, साधू, शेतकरी, वेड्यांच्या इस्पितळातले अधिकारी, सगळे विचारले, आणि तीन हजारांवर पानांचा रिपोर्ट दिला. निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्याला सहसा अपाय होत नाही, अति घेणाऱ्याला होतो, आणि पूर्ण बंदीची गरज नाही, कर लावा आणि नियंत्रण ठेवा. आज सव्वाशे वर्षांनंतर आम्ही जवळपास हेच म्हणतोय.

पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला, त्यात गांजा हेरॉइनच्या शेजारी नेऊन बसवला. भारताने भांगेची पानं कशीबशी बाहेर ठेवून घेतली आणि बाकीचं बंद करायला २५ वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली तेव्हा १९८५ मध्ये हा कायदा झाला. ऑगस्टच्या शेवटी विधेयक मांडलं आणि १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही, महिनासुद्धा लागला नाही. विशेष म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला त्या सर्वात कडक यादीतून काढलं, मतं पडली २७ विरुद्ध २५, आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. तिकडे एक भूमिका आणि इकडे नाक्यावर दुसरी, हे खासदारांना आम्ही आवर्जून विचारतो.

पोलीस तर मोठ्या ड्रग पेडलरना पकडतात. साध्या माणसाला कशाला त्रास होईल?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही एकच विनंती करतो, कधीतरी सुट्टी काढून मॅजिस्ट्रेट कोर्टात मागच्या बाकावर बसा. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, कोणी अडवत नाही.

आम्ही बसतो. एकदा एक पोरगा उभा होता, विशीतला असेल, केसात सिमेंटची पूड, पायात दोन वेगळ्या चपला, सेन्ट्रिंगच्या कामावरून रात्री उचललेला. आरोप काय तर पुलाखाली चिलीम ओढत होता. सोबत वकील नाही. त्याला बाहेरच कोणीतरी सांगून ठेवलं होतं की हो म्हण, सुटशील. गुन्हा कबूल आहे का विचारलं, तो हो साहेब म्हणाला, दंड झाला, पुढचं नाव पुकारलं. बाहेर आल्यावर त्याने शिपायाला विचारलं, आता कामावर जाऊ ना? त्याला वाटत होतं हे पावती फाडण्यासारखं काहीतरी होतं. आपल्या नावावर आता शिक्षा लागलीये, उद्या पासपोर्टला किंवा सिक्युरिटीच्या नोकरीच्या व्हेरिफिकेशनला हे पुढे येणार, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं.

आणि हा एकटा नाही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या कायद्यावर अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांतल्या मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या दहा हजारांहून जास्त एनडीपीएस केसेस तपासल्या. त्यातल्या बहुसंख्य केसेस नुसतं सेवन केल्याच्या होत्या, बहुतेक गांजाच्या, आणि आरोपी मुख्यतः फुटपाथवर, झोपडपट्टीत राहणारे, रोजंदारीवरचे. शिक्षा झालेल्यांनी गुन्हा कबूल केलेला. तोच गांजा वांद्र्याच्या फ्लॅटमध्येही ओढला जातो, पण फ्लॅटला दरवाजा असतो आणि पुलाखाली नसतो. आमच्या कामाचं मूळ इथे आहे, बाकीचे मुद्दे नंतरचे.

पण पोरं बिघडतील त्याचं काय?

ही भीती खरी आहे आणि तिला उडवून लावणारे लोक आम्हाला आवडत नाहीत. गांजा निरुपद्रवी नाहीये. कोवळ्या वयात रोज घेतला तर अभ्यासावर, स्मरणशक्तीवर परिणाम होतो, घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल तर सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होण्याच्या आजाराचा, धोका वाढतो, काहींना सवय लागते आणि ती सुटता सुटत नाही. ओढून बाईक चालवणं तर सरळ सरळ जीवाशी खेळ. आमच्या प्रत्येक पत्रकावर हे लिहिलेलं असतं, ‘गांजाने सगळे रोग बरे होतात’ असलं काही छापायला आम्ही नकार देतो.

आता प्रश्न असा की केस टाकल्याने पोरगं वाचतं का. सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेला सर्व्हे २०१९ मध्ये आला, त्यात देशात वर्षभरात भांग, गांजा, चरस यातलं काहीतरी घेतलेले लोक ३.१ कोटी निघाले आणि त्यातल्या साधारण ७२ लाखांना मदतीची गरज आहे असं म्हटलंय. म्हणजे बंदीला तीन दशकं उलटल्यावरही एवढे लोक घेतायत, आणि ज्यांना खरंच मदत पाहिजे ते डॉक्टरकडे जात नाहीत कारण नाव बाहेर येईल, पोलीस येतील, आईला कळेल. आमच्या ग्रुपमधल्या त्या दोघी आयांचं म्हणणं हेच आहे, मुलगा अडकलाय हे कळल्यावर पहिले कितीतरी महिने भीती व्यसनाची नव्हतीच, पोलिसांची होती, आणि तेवढा उपचार लांबला.

म्हणजे तुम्ही व्यसनमुक्तीवाल्यांच्या विरोधात?

उलट, आम्हाला त्यांच्या शेजारी उभं राहायचंय. पुण्याच्या मुक्तांगणने, वांद्र्याच्या कृपा फाउंडेशनने जे काम केलंय त्याबद्दल आदरच आहे. सध्याच्या कायद्यात एक चांगलं कलम आहे, ६४ अ, त्यात सवय लागलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले तर सेवनाच्या किंवा स्मॉल क्वांटिटीच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. पण हे कोर्टात कोणी सांगतच नाही. आत्ता मदत हवी असेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, केईएममध्ये व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे जाणारा माणूस पेशंट असतो.

आमदाराला भेटून काय उपयोग, कायदा तर दिल्लीचा आहे?

बरोबर आहे, शिक्षा बदलायची तर संसदेतच बदलावी लागेल, ते खासदाराचं काम. २०१६ मध्ये पटियालाचे खासदार डॉ. धरमवीर गांधी यांनी एनडीपीएस बदलण्यासाठी खासगी विधेयक आणलं होतं, ओडिशाचे तथागत सत्पथी संसदेबाहेर उघडपणे बोलायचे. महाराष्ट्रातल्या खासदारांना आम्ही विचारतो, तुम्ही निदान एक प्रश्न तरी लावा. २०२१ मध्ये तर खुद्द सामाजिक न्याय मंत्रालयाने सुचवलं होतं की स्वतःच्या वापरापुरतं बाळगणं गुन्ह्यातून काढावं, त्याचं पुढे काय झालं एवढं विचारलं तरी चालेल.

आमदाराकडे मात्र वेगळ्या गोष्टी मागायच्या. एनडीपीएसच्याच कलम १० आणि १४ प्रमाणे औषधासाठी, संशोधनासाठी, धागा आणि बियांसाठी लागवडीचे नियम करता येतात. पोलीस गृहखात्याखाली येतात, म्हणजे सेवनाच्या केसेसऐवजी मोठ्या पुरवठादारांच्या मागे लागा हा प्राधान्यक्रम राज्य ठरवू शकतं. आणि कोर्टात पहिल्या दिवशी सरकारी वकिली मदत मिळते की नाही हे विधानसभेत विचारता येतं. भेटायला जाताना एका पानाचं निवेदन मराठीत न्या, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. पीए चांगला माणूस असतो, त्याला घाईत गाठू नका.

शेतकऱ्याचा यात काय संबंध?

धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याला दर मोसमात बातमी येते, कापसात, तुरीत लपवलेली गांजाची शेती उपटली, शेतकरी अटकेत. मालक कोण, पैसा कुणाचा, ते बातमीत फार क्वचित असतं. २०२१ मध्ये सोलापूरच्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना पत्रच लिहिलं की कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, मला गांजा लावायची परवानगी द्या. परवानगी मिळणार नव्हतीच, पण पत्र वाचून हसण्यासारखं त्यात काही नाही.

नशा नसलेला हेम्प वेगळा, त्यात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, अगदी कमी असतं, उत्तराखंडने २०१८ मध्ये ०.३ टक्क्यांची अट घालून पहिलं लायसन्स दिलं. हिमाचलच्या विधानसभेने २०२४ मध्ये ठराव केला. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२१ मध्ये हेम्पच्या बिया आणि बियांचं तेल खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. मुंबईत हेम्पचे शर्ट आणि बियांची चटणी विकणाऱ्या कंपन्या आहेत, पण महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला ते पिकवता येत नाही.

माझ्या आईला कॅन्सर आहे, तिला यातून काही मिळेल का?

असे मेसेज खूप येतात. केमोनंतरची मळमळ, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) या मज्जासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा, लहान मुलांच्या दोन-तीन दुर्मिळ प्रकारच्या फिट्स, यावर परदेशात या झाडापासूनची किंवा तशी बनवलेली औषधं मान्य आहेत, अमेरिकेत २०१८ मध्ये सीबीडीचं, म्हणजे याच झाडातल्या नशा न आणणाऱ्या घटकाचं, एक औषध फिट्ससाठी मंजूर झालं. कॅन्सरच बरा होतो असं कोणी सांगत असेल तर पैसे देऊ नका. आपल्याकडे आयुषच्या परवान्यावर ‘विजया’ची, म्हणजे पानांची, औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात. चालू असलेल्या गोळ्यांशी त्यांची टक्कर होऊ शकते म्हणून आईच्या ऑन्कोलॉजिस्टला न सांगता काही सुरू करू नका, प्लीज.

याबद्दल बोललं म्हणून पोलीस पकडतील का?

कायदा बदला असं म्हणणं गुन्हा नाही, तो घटनेने दिलेला हक्क आहे. पण कुठे मिळतो, कसा लावायचा, कोणाकडून घ्यायचा, हे सांगणं वेगळं आणि त्यात कलम २९ खाली चिथावणीत अडकू शकता. म्हणून आमच्या ग्रुपवर तीन नियम आहेत आणि ते मोडले की लगेच बाहेर. माल, भाव, फोटो यातलं काही टाकायचं नाही. मीटिंगला काहीही घेऊन यायचं नाही आणि ओढून यायचं नाही. १८ च्या खालचं कोणी नाही. कोणाला हे फार कडक वाटतं, पण एका खिशात एक पुडी सापडली तरी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सगळे ‘नशेडी’ होतात आणि कित्येक महिन्यांचं काम जातं.

नोकरीची भीती असेल तर समोर यायची गरज नाही. भाषांतर करा, पत्रकं बनवा, कोर्टातल्या नोंदी करा.

मोर्चा कधी काढताय?

जगभर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी यासाठी मोर्चे निघतात, १९९९ पासून. मुंबईत आंदोलन म्हणजे आझाद मैदान, तेही पोलिसांची लेखी परवानगी आणि ठरलेल्या कोपऱ्यातच, मंत्रालयावर चालत जाता येत नाही. शिवाय शहरात जमावबंदीचे आदेश वारंवार निघत असतात, ते बघून घ्यायचं. आमचं स्पष्ट मत असं की पन्नास लोक हिरवे टीशर्ट घालून उभे राहण्यापेक्षा दहा जण एका वॉर्डात घरोघरी गेले तर जास्त फरक पडतो. टीव्हीवर दिसतं ते पहिलं, खासदाराच्या कानावर जातं ते दुसरं.

पोलिसांनी अडवलं तर काय करायचं?

आम्ही सगळे वकील नाही, तरी मूलभूत एवढं लक्षात ठेवा. अंगझडती घेणार असतील तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या असं सांगायचा हक्क कलम ५० देतं, आणि तो हक्क आहे हे पोलिसांनीच तुम्हाला सांगायला हवं. हे अंगझडतीला लागू, बॅगेला नाही. बाईची झडती बाईच घेणार. अटक झाली तर कारण सांगावं लागतं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. न वाचलेल्या कागदावर सही करू नका. एनडीपीएस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा धरता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये तोफान सिंग केसमध्ये सांगितलंय. जामीन स्मॉल क्वांटिटीत सहसा मिळतो पण कोर्टातूनच घ्यावा लागतो, कारण एनडीपीएसचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत असं बॉम्बे हायकोर्टाने त्याच वर्षी म्हटलं. आणि हो म्हणायच्या आधी, म्हणजे गुन्हा कबूल करायच्या आधी, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मागा. कोठडीतल्या कोणालाही तो फुकट मिळतो, पगार कितीही असो.

बाहेरच्या देशांत काय झालं?

उरुग्वेने २०१३ मध्ये गांजा कायदेशीर केला, कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ ला, आणि जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून मोठ्यांना २५ ग्रॅम जवळ ठेवायला आणि घरी तीन झाडं लावायला मुभा दिली. आम्हाला शिकण्यासारखं वाटतं ते थायलंड. २०२२ मध्ये त्यांनी गांजा यादीतून काढला पण नियम तयार नव्हते, गल्लोगल्ली दुकानं झाली, लोक वैतागले आणि २०२५ मध्ये परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं. म्हणून विक्रीच्या बाबतीत आम्हाला घाई नाही. केसेस थांबवायची मात्र आहे.

मला महिन्यातून एखादाच दिवस मिळतो, काय करू?

आरटीआय टाका. तुमच्या भागात मागच्या वर्षी कलम २७ खाली किती केसेस झाल्या, त्यातल्या किती गांजाच्या, किती जणांकडे वकील होता, किती जणांना ६४ अ ची माहिती दिली. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून केसेसचे प्रश्न पोलिसांना आणि वकिलांचा प्रश्न विधी सेवा प्राधिकरणाला, असे दोन वेगळे अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या, ३० दिवस थांबा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. आलेलं उत्तर फोटो काढून आम्हाला पाठवा, अर्जदाराचं नाव झाकून. आत्ता आमच्याकडे वॉर्डवार तक्ता बनतोय, दादर, कुर्ला, गोवंडीचे रकाने भरलेत, बोरिवलीच्या पुढे आणि मुलुंड-भांडुपला अजून कोणी नाही. तिकडचे असाल तर तिथूनच सुरुवात करा.